सात सेकंदांची बाई

क्रामात-जाती नावाच्या बाजारातून निघालेल्या अंगकोटमध्ये, त्या छोट्या प्रवासी व्हॅनमध्ये, समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलीच्या मोबाइलमधून 'फाट्' असा आवाज आला आणि रुमियातीचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. का गेला ते तिला आधी कळलंच नाही. गुडघ्यांत धरलेल्या पिशवीत कांगकुंगच्या पालेभाजीच्या दोन जुड्या होत्या, सोयाबीनचं टेंपे होतं, आणि मिरचीवाल्याने आजही खालच्या ओल्या मिरच्या भरल्या एवढाच विचार तिच्या डोक्यात चालला होता. पुन्हा 'फाट्'. मुलीने खांदे हलवत हसून शेजारच्या मैत्रिणीला कोपर मारलं आणि मोबाइल वळवला. वळवताना पडदा क्षणभर रुमियातीसमोर आला. एक बाई. केसांचा अंबाडा, निळा झगा, कमरेला पांढरा अॅप्रन. बाजूने एक हात येतो, बाईचं तोंड फिरतं, पुन्हा सरळ होतं आणि मग तिच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर जातो. बाई हसते. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं : 'साहेब विचारतात, रविवारी येशील ना?'

"काय भारी बाई आहे गं! थप्पड खाऊन हसतेय!"

"खरी नाहीये काही. आवाज नंतर घालतात."

"खरीच आहे. गाल बघ कसा हलतो. थांब, हळू करून बघू."

आणि त्यांनी ते हळू करून बघितलं. आवाज लांबला, जड झाला, दूर कुठेतरी भिंत पडावी तसा. मुलींच्या आणि रुमियातीच्या गुडघ्यांत हातभर अंतर होतं. ती सत्तावन्न वर्षांची होती, डोक्याला रुमाल होता, डोळ्यांना चष्मा होता, पडद्यावरच्या बाईशी जुळावं असं तिच्यात काही उरलं नव्हतं. तरी तिला वाटलं, आता ही मुलगी मान वर करणार. मुलीने केलीच. सरळ तिच्याकडे पाहिलं. आणि रुमियातीला जाणवलं की आपल्या ओठांचा कोपरा वर जातोय. आपण हसतोय. मुलीनेही सभ्यपणे हसून पुन्हा मान खाली घातली. "डावीकडे घ्या!" रुमियाती ओरडली आणि आपल्या थांब्याच्या कितीतरी आधी उतरून पडली.

उन्हात चालताना ती तोच एक विचार चघळत राहिली. थप्पड तिला चांगली माहीत होती. एकोणीस वर्षं ती थप्पड तिच्याजवळ होती, एखादी जुनी पावती पेटीच्या तळाशी असते तशी. पण ते हसू तिने विसरायचं ठरवलं होतं. चिनेरेतला तो भाड्याचा बंगला, पांढऱ्या खांबांचा. मालिका रोज लागायची आणि रोजचा भाग रोज चित्रित व्हायचा. संध्याकाळी दाखवायचं ते दुपारपर्यंत हातात नसलं की दिग्दर्शक पाक बुर्हान, म्हणजे बुर्हानसाहेब, पायातली चप्पल काढून भिंतीवर मारायचे. रुमियाती तेव्हा एक्स्ट्रा होती. बाजारातली बाई, दवाखान्यातली बाई, मयताला आलेली बाई. त्या दिवशी तिला पहिल्यांदा संवाद मिळाला होता, 'माफ करा, बाईसाहेब.' तीनच शब्द, पण ती ते आठवडाभर घोकत होती. भांडी घासताना, लेकीची, निंग्रुमची, वेणी घालताना. पाच वर्षांची निंग्रुम मागून चिमण्या आवाजात म्हणायची, "माफ केलं!" नायिकेच्या दुष्ट सासूचं काम करणारी मेलिंडा तेव्हा जेमतेम तिशीची असेल. तिची उंची, तिची अंगाला घट्ट बसणारी हिरवी कबाया, तिच्या अत्तराचा गोडसर वास. तालमीत तिचा हात चार वेळा गालापासून चार बोटं दुरून गेला आणि चारही वेळा रुमियातीने वेळेवर मान फिरवली. पाक बुर्हान म्हणाले, "खोटं दिसतंय. जेवून घ्या, मग बघू." सगळे खोक्यातला भात जेवले. रुमियातीने जपून जेवण केलं, अॅप्रनवर सांबालच्या लाल चटणीचा डाग पडू नये म्हणून. मग दिवे लागले, कुणीतरी बोटं दुमडत तीन-दोन-एक मोजलं, आणि पाचव्या वेळी तो हात थांबला नाही.

डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणतात, तसं काही झालं नाही. उलट सगळं फार स्वच्छ दिसलं. खांबावरचा ओघळ, कॅमेऱ्यामागच्या माणसाचा उघडा राहिलेला जबडा, मेलिंडाच्या अंगठीतला हिरवा खडा. कानात एकच लांब शिट्टी वाजायला लागली. आणि त्या शिट्टीच्या आत, अगदी शांतपणे, तिचे ओठ हसले. संवाद राहूनच गेला. पाक बुर्हान ओरडले, "ओके! बघितलंत? याला म्हणतात चेहरा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेलिंडा पाठ फिरवून पंख्यापाशी गेली आणि रुमियातीने वाकून त्या पाठीला म्हटलं, "धन्यवाद."

धन्यवाद का म्हणालो आपण? हा प्रश्न नंतर कित्येक दिवस तिला मोरीत, चुलीपाशी, जिन्यावर कुठेही गाठायचा. कान तीन महिने दुखला. नवऱ्याला तिने सांगितलं, अंघोळीत पाणी गेलं. सुपार्दीचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. ज्या संध्याकाळी तो भाग लागला त्या संध्याकाळी त्याने दुकानाचा टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला, शेजाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, शेंगदाणे उकडून आणले. थप्पड बसली तेव्हा सगळी गल्ली "आयायाय!" म्हणाली आणि मग ते हसू दिसताच टाळ्यांचा पाऊस पडला. सुपार्दी तिच्याकडे पाहत होता. लग्नात पाहिलं नव्हतं तसं. "एवढी मोठी नटी माझ्या घरात भात शिजवते!" तो म्हणाला. त्या क्षणी 'अहो, ती खरीच मारलीन हो मला' असं कोण म्हणेल? ती हसली. दुसऱ्यांदा. पुढे तो आल्यागेल्याला सांगत राहिला, आजारपणातसुद्धा, सलाइन लावणाऱ्या नर्सला, की माझी बायको असं नाटक करायची की खरंच वाटायचं. सहा वर्षांपूर्वी तो गेला तो तोच अभिमान घेऊन. रुमियातीने मात्र त्यानंतर एकही काम घेतलं नव्हतं. विचारलं तर सांगायची, पोरगी लहान आहे.

आणि आता ती पोरगी चोवीस वर्षांची होऊन दारात हातात मोबाइल घेऊन नाचत होती. "आई! अगं, तू आहेस ही! मला दुकानात सगळे दाखवतायत आणि मी म्हणतेय कुठं बघितलंय, कुठं बघितलंय, आणि मग बाबांचं ते आठवलं! नव्वद लाख लोकांनी बघितलंय तुला!" निंग्रुम मोबाइल-दुकानात कामाला होती, आणि तिला जगातलं सगळं त्या दुकानातूनच कळायचं. रुमियाती कांगकुंगच्या काड्या मोडत राहिली.

"मी सांगून टाकलं तिथं," निंग्रुम म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"लिहिलं खाली, की ही माझी आई. मग त्या गिलांगचा निरोप आला. गिलांग गं, जुन्या नटनट्यांना शोधून काढतो तो! त्याला तुझी आणि मेलिंडाची भेट घडवायचीय. थेट प्रक्षेपण. ती तुझी माफी मागणार, तू तिला मिठी मारणार. आई, बाबा असते तर त्यांनी आख्खी गल्ली गोळा केली असती."

काडी मोडल्याचा कट्ट आवाज झाला. रुमियाती म्हणाली, "माफी कशाची? नाटक होतं ना ते?"

निंग्रुम थबकली. "नाटकच होतं. पण लोक भांडतायत ना, खरी की खोटी. तेच तर विचारायचंय त्याला." आणि मग आवाज खाली आणून, "खोटीच होती ना, आई?"

त्यावेळी शेजारणीने कुंपणावरून हाक मारली आणि उत्तर द्यायचं राहिलं. पुढचे आठ दिवस ते राहिलंच. त्या आठ दिवसांत भाजीवाला तिला 'आर्टिस्ट' म्हणायला लागला, मशिदीतल्या बायकांनी तिला पुढच्या रांगेत बसवलं, गल्लीतली मुलं एकमेकांना थपडा मारून ओठाचा कोपरा वर करायचा खेळ खेळायला लागली. ती दिसली की लाजून पळायची. रुमियाती आरशासमोर उभी राहून ओठ खाली ओढून बघायची. स्वतःचाच चेहरा कुणी भाड्याने घेऊन गेल्यासारखा वाटायचा. जायचं नाही असं ती रोज ठरवायची आणि निंग्रुमचा उजळलेला चेहरा पाहून उद्यावर टाकायची. थेट प्रक्षेपणाचा शनिवार आला.

गिलांगचं ठिकाण दुकानांच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. दुपारचे चार वाजायचे होते. रंगभूषेच्या खोलीत तिला आरशासमोर बसवलं आणि शेजारच्या खुर्चीतली बाई वळली तेव्हा रुमियातीला अत्तर आधी कळलं. अत्तर तेच होतं. बाकी मेलिंडा बदलली होती. हनुवटीखाली मांस सुटलं होतं, डोक्यावर मऊ राखाडी रेशमी हिजाब होता, हातात जपमाळेसारखं मोजणीचं छोटं यंत्र. रंगवणारी मुलगी बाहेर गेली तशी तिने खुर्ची जवळ ओढली आणि आदराने 'बू', म्हणजे बाई, अशी हाक मारली.

"बू रुमी, खरं सांगते, मला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. किती जणींना मारलं असेल मी त्या मालिकेत! रोज कुणीतरी होतीच."

"हो," रुमियाती म्हणाली.

"हा पोरगा तुमच्याकडून वदवून घ्यायला बघेल की खरी होती. त्याला तेच पाहिजे. तुम्ही म्हणा, नाटक होतं. तुमचीच किंमत वाढेल, लोक म्हणतील केवढी अभिनेत्री." मेलिंडाने तिचं मनगट धरलं. बोटं गार होती. "उमराहच्या यात्रेला नेणाऱ्या कंपनीची जाहिरात आहे माझ्याकडे. दुसरं काही राहिलेलं नाही हो. असली बाई यात्रेकरूंना कुठं नेणार म्हणतील. मी हात जोडते."

त्या गार बोटांकडे रुमियाती पाहत राहिली. अंगठी नव्हती. हीच बोटं, तिला वाटलं, हीच का? तेवढ्यात दार उघडून गिलांग आत आला. पंचविशीतला, केस पिवळे रंगवलेला, पायात रबरी चपला, वागणं मात्र फार अदबीचं. त्याने रुमियातीचा हात आपल्या कपाळाला लावला. मेलिंडा उठून गेली. "बू, एकच विनंती," तो हळूच म्हणाला, "मनात जे आहे ते बोला. खरी असेल तर खरी म्हणा, घाबरू नका. लोक तुमच्या बाजूने आहेत. आणि बघणाऱ्यांचा आकडा पन्नास हजारांवर गेला तर एक गंमत आहे शेवटी." गंमत कसली ते त्याने सांगितलं नाही. तिच्या झग्याच्या आतून वायर फिरवून गळ्यापाशी छोटा माइक लावला गेला. कुणा परक्याची बोटं मानेपाशी लागली तेव्हा तिचे खांदे आपसूक वर गेले.

दिवे लागले. एकोणीस वर्षांत दिवे बदलले होते, आता ते गोल आणि पांढरे होते, त्यांची धग नव्हती. समोर मोठ्या पडद्यावर लोकांचे शब्द सरसर वर चढत होते, हृदयं, गुलाब, हसणारी तोंडं, आणि कोपऱ्यात आकडा. तीस हजार. चौतीस. कॅमेऱ्यामागे निंग्रुम उभी होती, स्वतःचाही मोबाइल धरून, दोन्ही अंगठे उंचावून. तो सात सेकंदांचा तुकडा दाखवला गेला. पुन्हा दाखवला गेला. मग मेलिंडा बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. फार छान रडली ती. डोळ्यातलं पाणी नेमकं दिव्यात चमकेल अशा बाजूने ओघळलं. "बू रुमी, नकळत कधी दुखावलं असेल तर..." गिलांगने रुमाल पुढे केला आणि वळून विचारलं, "बू, सगळा देश विचारतोय. खरी होती का नाटक?"

रुमियातीच्या जिभेवर 'नाटक' हा शब्द तयार होता. सुपार्दीसाठी तयार होता, खुर्च्या मांडणाऱ्या सुपार्दीसाठी, आणि निंग्रुमच्या उंचावलेल्या दोन अंगठ्यांसाठी. मेलिंडा रुमालाआडून तिच्याकडे पाहत होती. आकडा त्रेचाळीस हजार. तिने तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज तिला जरा उशिरा, कुठल्यातरी खोक्यातून आल्यासारखा ऐकू आला.

"खरी होती."

पडद्यावरचे शब्द इतक्या वेगाने चढायला लागले की वाचता येईनात. गिलांगने मुठी आवळल्या. "मग बू, तुम्ही हसलात का? लोक वेडे झालेत त्या हसण्यापायी!"

का? इतकी वर्षं मोरीत, चुलीपाशी, जिन्यावर. आणि आता, कुणी न बोलावता, उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. "वाटलं, मी रडले तर पाक बुर्हान म्हणतील, चेहरा बरोबर नाही आला," ती म्हणाली. "म्हणतील, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं म्हणजे ती पुन्हा मारणार. म्हणून हसले. ओके व्हावं म्हणून."

कॅमेऱ्यामागे निंग्रुमचा मोबाइल खाली आला होता. पण गिलांगचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं होतं, पन्नास हजार पाचशे, आणि त्याचा चेहरा फुलला. "मित्रांनो, झालं! गंमत काय होती माहितीय? परतफेड! बू रुमी, आज हात तुमचा! हळू मारा, जोरात मारा, बू मेलिंडा तयार आहेत!" मेलिंडा तयार नव्हती, हे तिच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं. तिला यातलं काही सांगितलेलं नसावं. तरी ती उठून उभी राहिली, कारण कॅमेरे चालू होते. कॅमेऱ्यामागची मुलं मोजायला लागली, "तीन! दोन!" कुणीतरी रुमियातीला कोपराला धरून उभं केलं. मेलिंडाचा गाल समोर होता. पावडरचा थर, त्याखाली बारीक थरथर. रुमियातीच्या तळहाताला घाम आला होता, हात जड होता, आणि खोटं कशाला बोला, त्या हाताला मारायचं होतं. खांद्यापासून बोटांपर्यंत मारायचं होतं. "एक!"

"नाही," ती म्हणाली. "मी मारलं तर तू म्हणशील, अजून एकदा, अँगल नाही आला."

गिलांग हसला, मग हसणं कमी करत म्हणाला, "बू, गंमत आहे हो..." रुमियाती माइक काढायला लागली. तो निघेना. वायर आत कुठेतरी पिनेत अडकली होती, आणि पन्नास हजार लोक तिला ती वायर ओढताना बघत होते. तेवढ्यात निंग्रुम सरळ दिव्यांत चालत आली. कॅमेऱ्यांकडे पाठ करून ती आईसमोर उभी राहिली, पिन सोडवली, वायर गुंडाळली आणि गिलांगच्या हातात दिली. "चल," एवढंच ती म्हणाली. दोघी स्कूटरवरून घरी आल्या. दारात चप्पल काढताना निंग्रुमने विचारलं, "बाबांना माहीत होतं?" रुमियातीने मान हलवली, नाही. निंग्रुम खाली उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकून रडली. ते दिव्यात चमकणारं रडणं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नवा तुकडा फिरायला लागला. 'ओके व्हावं म्हणून.' हे लोकांनी टोप्यांवर छापलं म्हणे. कुणी रुमियातीला आई म्हटलं, कुणी म्हटलं म्हातारी प्रसिद्धीसाठी हपापलेली आहे, पण बहुतेकांनी मेलिंडाला धरलं. तिच्या घराचा पत्ता शोधून काढला, फाटकावर अंडी फेकली, उमराहवाल्यांनी तिचे फोटो काढून टाकले. पाक बुर्हानना कुणी काही म्हटलं नाही. ते आता कुठल्याशा संस्थेत मुलांना चित्रीकरण शिकवत होते आणि त्यांनी मुलाखत दिली की तो काळच मेहनतीचा होता. निंग्रुम रोज सगळं वाचून दाखवायची, मग वाचायची बंद झाली. रुमियातीला आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. हात अजून जड होता, न मारलेला.

बुधवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणाच्यातरी मोटारसायकलवरून एक बाई उतरली. तोंडाला मास्क, साधा सुती हिजाब, पायात बाथरूमच्या चपला. दारापर्यंत यायच्या आतच शेजारच्या मुलाने ओळखलं. "मेलिंडा! ए, मेलिंडा आली!" फडाफड दारं उघडली. कुंपणावर मोबाइल उगवले, भाजीवाल्याने गाडी सोडली, कुणीतरी ओरडलं, "बू रुमी, आता सोडू नका हिला!" मेलिंडा अंगणात उभी राहिली, पुढेही येईना, मागेही जाईना. रुमियाती दारात आली. दोघींच्या मध्ये सुपार्दीच्या दुकानातली एक मोडकी खुर्ची होती.

"आत या," रुमियाती म्हणाली. ती आत आल्यावर रुमियातीने दार लावलं, कडी घातली, आणि खिडकीचा पडदा ओढला.

अंधार्‍या खोलीत मेलिंडाने मास्क काढला. रंगाशिवायचा तिचा चेहरा लहान दिसत होता. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. "मी तिथं म्हटलं, आठवत नाही. ते खोटं होतं," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत पाक बुर्हान माझ्या गाडीपाशी आले. म्हणाले, खरी मार, तिला सांगू नकोस, सांगितलंस तर चेहरा जाईल. मी गाडीत बसून उशीवर मारून बघितलं. दोनदा. कितपत लागेल ते कळावं म्हणून."

बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली. "बू! एक मिनिट उघडा ना, बू!"

रुमियाती त्या उशीचा विचार करत होती. आपण तेव्हा अॅप्रनवर डाग पडू नये म्हणून जपून भात खात होतो, आणि पन्नास पावलांवर बंद गाडीत ही बाई उशीवर मारत होती. एकोणीस वर्षं तिला वाटत आलं होतं की आपली मान वेळेवर फिरली नाही.

"सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "पण हात तुमचा होता."

मेलिंडाने उजवा हात थोडा उचलला, जणू तो तिथं आहे की नाही बघावं तसा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हो," ती म्हणाली. "माझाच होता."

थापा वाढल्या. खिडकीच्या काचेवर कुणीतरी मोबाइल टेकवला, पडद्यावर त्याचा चौकोनी उजेड पडला, आणि बाहेर सगळे एका सुरात दोघींची नावं पुकारायला लागले. आत कुणीही तिकडे वळून पाहिलं नाही.